रिकाम्या पिंपात आधी काय होते?

उन्हाळा सुरू झाला की आपल्या वस्त्यांमध्ये दारोदार निळी पिंपे दिसू लागतात. दोनशे लिटरचे, जाड प्लास्टिकचे पिंप भंगारवाल्याकडे नव्या टाकीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. साबणाने दोनदा घासायचे, दिवसभर उन्हात पालथे ठेवायचे, की झाले पाणी भरायला तयार. लग्नाला, बारशाला, विहारातल्या कार्यक्रमाला तीच पिंपे फिरतात. त्यांत आधी काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

आणि खरा प्रश्न तोच आहे. पिंपातून साखरेचा पाक आला असेल तर ते साधे भंगार. कीटकनाशक किंवा ॲसिड आले असेल तर केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते रिकामे पिंपही घातक कचराच. घातक रसायन लागलेली पिंपे, डबे आणि त्यांच्या आतल्या पिशव्या या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत स्पष्ट नोंदवल्या आहेत. बाहेरून दोन्ही पिंपे सारखीच निळी. शिवाय प्लास्टिकची भिंत काही रसायने शोषून घेते. ती साबणाने निघत नाहीत, नंतर हळूहळू पाण्यात उतरतात.

म्हणजे ‘बिगर-घातक’ हा शिक्का नुसते पाहून मारता येत नाही, तपासून मारावा लागतो. आपले अनेक बंधू-भगिनी एमआयडीसीतल्या भंगार यार्डात, गोदामात कंत्राटावर राबतात. ही तपासणी कशी व्हायला हवी, हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊक असावे म्हणून हे लिहीत आहे.

नीट चालणाऱ्या यार्डात मालाच्या आधी कागद येतो. कचरा कोणत्या कामातून निघाला, त्याला कोणते रसायन लागले आहे, सुका आहे की ओला, हे कारखान्याने लिहून द्यायचे असते. माल पहिल्यांदाच येणार असेल तर नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यातला द्रव 60 अंश सेल्सिअसच्या खालीच पेट घेण्याइतकी वाफ सोडतो का? पीएच 2 किंवा त्याहून कमी, अथवा 12.5 किंवा त्याहून जास्त आहे का, म्हणजे कातडी जाळेल इतके तीव्र ॲसिड किंवा अल्कली आहे का? पाणी मुरल्यावर त्यातून शिसे, क्रोमियम, कॅडमियम किती झिरपेल? मर्यादा ओलांडली तर तो माल अशा यार्डाचा नव्हेच. त्याची जागा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्यासारख्या घातक कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पात.

गाडी आली की वजनकाटा, आणि मग पुन्हा तपासणी. कागदावर पुठ्ठा आणि गाडीत पुठ्ठ्याखाली रंगाचे डबे, असेही होते. जाणता माणूस गोणीच्या बुडाची ओल पाहतो, तेलाचा डाग पाहतो, फुगलेले झाकण पाहतो. लेबल फाडलेले असेल तर पिंप बाजूला काढायचे, विचारल्याशिवाय उघडायचे नाही. वास घेऊन ओळखण्याची सवय तर सोडूनच द्यावी. गाळाच्या टाकीत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त आत उतरतो आणि तिथेच कोसळतो.

काही गोष्टींना तर रंग-वास काहीच नसतो. 2010 साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले बंद पडून राहिलेले एक यंत्र लिलावात भंगार म्हणून गेले. मायापुरीच्या बाजारात ते तोडले गेले. आत कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ होता. तिथल्या कामगारांना किरणांची बाधा झाली, एकाचा जीव गेला. चूक विद्यापीठाच्या कपाटातली, भोगली भंगार तोडणाऱ्याने. किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र मोठ्या कारखान्याच्या फाटकावर असू शकते, गल्लीतल्या गोदामात ते कुठून येणार?

साठवणीचे नियम साधे आहेत. वर छप्पर, खाली सिमेंटची जमीन, कडेला उंबरठ्याएवढा बांध, आणि प्रत्येक ढिगावर नाव व तारीख. पण एकेकटा निरुपद्रवी माल शेजारी आला की बिघडतो, हे लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमच्या बारीक भुकटीवर पाणी पडले की हायड्रोजन सुटू शकतो, म्हणून तिथे गळके छप्पर चालत नाही. तेलकट चिंध्यांचा दाबून भरलेला ढीग आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतो.

आता माल बाहेर जातो तेव्हाचे. घातक कचऱ्याबरोबर मॅनिफेस्ट नावाचा अनेक प्रतींचा फॉर्म जातो, आणि घेणाऱ्याच्या सहीची प्रत पाठवणाऱ्याकडे परत येते. बिगर-घातक मालाला हे बंधन नाही. तिथे फक्त चलन, वजनाची पावती आणि गाडीवर ताडपत्री. म्हणून चांगले यार्ड पोचल्याच्या वजनाची पावती मागून घेते. आठ टन निघाले आणि सहाच पोचले, तर उरलेले दोन टन कुठल्या नाल्यात गेले ते शोधायला नको का? तो नाला बहुधा आपल्याच वस्तीमागचा असतो.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्रींतून ओतकामाची वापरलेली वाळू निघते. तपासणीत ती बिगर-घातक ठरली तरी तिच्यात सिलिका असते. कोरडी वाळू भरताना, झाडताना उडालेली अतिबारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते आणि सिलिकोसिस होतो. कायद्याने तो नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे, आणि तो बरा करणारे औषध नाही. ‘बिगर-घातक’ हा शब्द कचऱ्याच्या नियमातला, फुप्फुसाला तो कळत नाही. वाळू ओली करूनच हलवावी. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, एन-95 मास्क लागतो आणि तो ठेकेदाराकडे मागावा.

सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर गाठतो. दोन्हींत खोकला, दम, वजन घटणे सारखेच, त्यामुळे एकाचे दुसऱ्यात खपून जाते. डॉक्टरांना नुसते “मजुरी करतो” असे सांगू नका. काय भरता, कशात भरता, किती वर्षे भरता ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर तोच कागद कामी येतो.

आणि घरात आधीच असलेल्या पिंपाचे काय? आधी काय होते ते ठामपणे कळत नसेल तर त्यातले पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, अंघोळीला आणि जनावरांना वापरू नका. लोखंडी पिंप असेल तर गॅस कटरने कापायला देऊ नका. आत उरलेल्या वाफेचा भडका उडून कापणारा माणूस जागीच जाऊ शकतो. प्लास्टिकचे असेल तर चुलीत किंवा शेकोटीत घालू नका.