रेणू उष्णतेशिवाय तुटतो का? हो, चुंबकीय क्षेत्राने!

रेणू तोडायचा म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती उष्णता. गॅसवर साखर करपते, तेव्हा तिचे रेणूच तुटत असतात. मग उणे २७३ अंश सेल्सिअसच्या जवळ, जिथे उष्णता जवळपास नसतेच, तिथे रेणू तुटेल का? तुटतो. काही रेणूंसाठी नुसतं चुंबकीय क्षेत्र बदललं तरी पुरतं.

२००३ मध्ये काय झालं?

अमेरिकेत बोल्डरमधल्या ‘जिला’ या संस्थेत डेबोरा जिन यांच्या गटाने पोटॅशियमचे अणू इतके थंड केले, की तापमान एका केल्विनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी झालं. मग त्यांनी चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदललं. २०० गॉसच्या थोडं वर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या काहीशे पट क्षेत्रात, सुटे अणू जोडीने बांधले गेले आणि सुमारे अडीच लाख रेणू तयार झाले.

हे होतं कसं?

दोन सुटे अणू आणि त्यांचाच बनलेला रेणू, यांच्यावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम सारखा होत नाही. क्षेत्र बदललं की दोन्हींची ऊर्जा वेगवेगळ्या प्रमाणात बदलते आणि एका ठरावीक ठिकाणी ती समान होते. याला ‘फेशबाख अनुनाद’ म्हणतात. हे ठिकाण एका दिशेने ओलांडलं तर अणू जोडले जातात, उलट दिशेने ओलांडलं तर रेणू सुटतो.

मग अडचण कुठे आहे?

टकरीत. असा रेणू फार सैल बांधलेला असतो. दुसऱ्या कणावर आदळला की तो जास्त घट्ट अवस्थेत घसरू शकतो. त्यातून सुटलेली ऊर्जा दोघांनाही सापळ्याबाहेर फेकते.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये याच संस्थेत जिन आणि जुन ये यांच्या गटांनी पोटॅशियम-रुबिडियमचे सैल रेणू लेझरने सर्वांत खालच्या ऊर्जेच्या अवस्थेत आणले. पण २०१० मध्ये दिसलं, की तेही टिकत नाहीत. दोन रेणू भेटले की अणूंची अदलाबदल होऊन पोटॅशियमची एक जोडी आणि रुबिडियमची एक जोडी बनते. सगळे रेणू एकाच क्वांटम अवस्थेत असतील तर हे कमी होतं. दोन वेगळ्या अवस्थांमध्ये असतील तर वेग १० ते १०० पट वाढतो.

आपल्याला याचं काय?

अशा रेणूंपासून क्वांटम संगणक बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्यासाठी रेणू हवे तेव्हा जोडता येणं पुरेसं नाही, ते टकरींपासून वाचवताही यायला हवेत.