गालिचा, मांजर आणि पाण्याचा मोह

‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ म्हणून विकला जाणारा चमकदार गालिचा बहुधा व्हिस्कोसचा असतो. रेशमाशी त्याचं नातं दिसण्यापुरतंच. लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यातलं सेल्युलोज रसायनांत विरघळवून हा धागा काढतात. भिजला की त्याची ताकद जवळपास निम्म्याने घटते, तो फुगतो आणि वाळताना कडक, पिवळट होतो. त्यामुळे मांजराने त्यावर लघवी केली, की पाणी ओतून ब्रशने घासणारा माणूस डागापेक्षा मोठं नुकसान करतो. विस्कटलेली लव पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही.

मग पाण्याशिवाय वास जाणार कसा? आक्षेप रास्त आहे. जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, तर युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळतच नाही. म्हणून दमट हवेत वास पुन्हा डोकं वर काढतो. पण याचाच अर्थ असा, की नुसतं पाणी वाढवून फार काही साधत नाही. ओल ताजी असतानाच पांढरं सुती फडकं दाबून ती टिपावी, फडकी बदलत राहावं. नंतर गार पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून, आधी कोपऱ्यात रंग सुटतो का ते पाहून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुन्हा टिपावं आणि लगेच पंख्याखाली वाळवावं. एन्झाइमचं द्रावण वासावर अधिक प्रभावी खरं. मात्र त्याला बराच वेळ ओल लागते, आणि तीच इथे सोसत नाही. डाग मुरलेला असेल, तर गालिचा धुलाईच्या जाणकाराकडे द्यावा, धागा व्हिस्कोसचा आहे हे आधीच सांगून. तरीही पिवळी छटा उरू शकते.