ध्वनिमुद्रिका : मूळ छाप आणि पुनर्मुद्रण

जी वस्तु अडगळींत गेली असें सर्वांनीं एकदां ठरवून टाकिलें, ती पुन्हां बाजारांत येऊन मानानें बसावी, असे प्रसंग थोडे. ग्रामोफोनच्या थाळीचें मात्र तसें झालें आहे. अमेरिकेंत २०२२ सालीं सुमारें चार कोटि दहा लक्ष व्हायनिलच्या थाळ्या विकल्या गेल्या, आणि कॉम्पॅक्ट डिस्कची विक्री त्याहून कमी, म्हणजे सुमारें तीन कोटि तीस लक्ष, भरली. थाळीनें डिस्कवर अशी मात १९८७ सालानंतर प्रथमच केली. ह्या गिऱ्हाइकांपैकीं पुष्कळ जण केवळ हौसेखातर घेतात, हें उघड आहे. परंतु त्यांत एक लहानसा वर्ग असा आहे कीं, एकाच संगीताच्या दोन थाळ्या समोर ठेविल्या असतां तो एक दहा डॉलरांस नको म्हणतो व दुसरीस शेंकडों डॉलर मोजतो. पाहणारास दोन्ही सारख्याच काळ्या व सारख्याच वाटोळ्या. मग हा फरक खरा आहे कीं ती संग्राहकांची नुसती लहर आहे? आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं वडिलांच्या व आजोबांच्या वेळच्या थाळ्या अद्याप असतील, म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थाळी तयार कशी होते तें पाहूं. गायनवादन आधीं चुंबकीय फितीवर उतरवून घेतात. ती फीत चालूं केली म्हणजे तिच्यांतील ध्वनीच्या अनुरोधानें एक तापविलेली कोरणी हालूं लागते व फिरत्या तबकडीवर कडेपासून मध्यापर्यंत एकच एक खांच कोरीत जाते. ही तबकडी अल्युमिनियमची असून तिच्यावर रोगणाचा गुळगुळीत लेप असतो. रोगण मऊ असल्यामुळें तिच्यावरून एकदम थाळ्या छापतां येत नाहींत. म्हणून तिच्यावर चांदीचा अत्यंत पातळ थर देऊन विजेच्या योगानें निकल चढवितात. हा निकलचा पत्रा सोडवून घेतला म्हणजे जेथें खांच तेथें उंचवटा, असा उलटा ठसा हातीं येतो. कारखान्याच्या भाषेंत ह्यास ‘बाप’ म्हणतात. त्याच्यावर पुन्हां निकल चढविलें म्हणजे सुलट अशी ‘आई’ मिळते, आणि आईपासून पुन्हां उलटे ठसे काढून ते दाबयंत्रांत बसवितात. तापवून मऊ केलेला व्हायनिलचा गोळा अशा दोन ठशांमध्यें सांपडला कीं क्षणांत त्याची थाळी होते. ती पाण्यानें निववून बाहेर काढितात.

आतां दोष कोठें कोठें शिरतो पाहा. फीत मूळची नसून नकलेची नक्कल असेल तर आरंभींच कांहीं हरवलें. ठसा तर प्रत्येक दाबाबरोबर झिजतो; म्हणून चांगले कारखाने सुमारें हजार थाळ्यांनंतर तो बदलतात, आणि लोभी कारखाने बदलीत नाहींत. मधलें छिद्र केसभर बाजूस पडलें तर लांबविलेला सूर डोलूं लागतो. घाईनें निवविलेली थाळी वांकते. जुनें व्हायनिल वितळवून पुन्हां वापरलें तर सुईखालीं खरखर येते.

एक अडचण अशी आहे कीं ती कोणत्याही कारागिरास टाळतां येत नाहीं. थाळी मिनिटास ३३⅓ फेरे घेते; परंतु कडेजवळ सुईखालून एका सेकंदांत सुमारें ५० सेंटिमीटर खांच जाते, आणि मध्याजवळ सुमारें २० सेंटिमीटरच. तेवढाच ध्वनि कमी जागेंत दाटून बसवावा लागत असल्यामुळें शेवटच्या गीतांतील बारीक सूर कांहींसे धूसर होतात. म्हणूनच कांहीं प्रकाशक एका थाळीचा मजकूर दोन थाळ्यांवर पसरून त्या मिनिटास ४५ फेऱ्यांच्या वेगानें काढतात. ऐकणारास दर दहापंधरा मिनिटांनीं उठावें लागतें, आणि आमच्या मतें ह्या व्यायामानें संगीताच्या भक्तांचें कांहीं बिघडत नाहीं.

इतक्या गोष्टी थाळीच्या पोटांत दडलेल्या असतां विकत घेणारानें त्या ओळखाव्या कशा? ह्याचें उत्तर मधल्या कागदी चकतीभोंवतीं जी कोरी, खांच नसलेली पट्टी असते तींत सांपडतें. तेथें कोरणाऱ्याचीं आद्याक्षरें, ठशाचा क्रमांक, कधीं कारखान्याची खूण, अशा बारीक गोष्टी असतात. दिव्यासमोर थाळी तिरपी धरल्यावांचून त्या दिसत नाहींत. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट ह्या संस्थेचें उदाहरण घेऊं. जर्मनींतून आलेल्या आल्फ्रेड लायन ह्यांनीं १९३९ सालीं ती स्थापिली, व जॅझ संगीताच्या थाळ्यांसाठीं तिची ख्याति झाली. तिचीं पुष्कळ मुद्रणें रूडी व्हॅन गेल्डर ह्या गृहस्थांनीं केलीं. त्यांचा पोटाचा धंदा डोळे तपासून चष्मे देण्याचा. आणि मुद्रणाची जागा कोणती, तर न्यू जर्सी संस्थानांतील हॅकेन्सॅक गांवीं आईबापांच्या घराची बैठकीची खोली! १९५९ सालीं त्यांनीं एंगलवुड क्लिफ्स येथें स्वतंत्र मुद्रणगृह बांधिलें. रोगणाची तबकडीही बहुधा तेच कोरीत व पट्टीवर आपल्या नांवाचीं अक्षरें उमटवीत. ज्या प्लास्टिलाइट कारखान्यांत ह्या थाळ्या निघत, त्याची खूण म्हणून तेथेंच एक वळणदार ‘पी’ हें इंग्रजी अक्षर असे. तें कानासारखें दिसतें म्हणून संग्राहक त्यास ‘कान’च म्हणतात. १९६६ च्या सुमारास संस्था दुसऱ्यांच्या हातीं गेली आणि कान नाहींसा झाला. तेव्हां ज्या थाळीवर व्हॅन गेल्डर ह्यांचें नांव व कान हीं दोन्ही आहेत, ती ज्यानें गाणें टिपिलें त्याच माणसानें कोरलेली व त्या काळींच छापलेली होय. शेंकडों डॉलर ह्या दोन खुणांचे असतात, कागदी वेष्टणाचे नव्हेत.

आमच्या वाचकांस हा विचार अगदीं परका वाटूं नये. शुभवर्तमानांचीं मूळ हस्तलिखितें आज उपलब्ध नाहींत. जे आहेत ते उतारे. कोणता उतारा मुळास अधिक जवळ आहे, हें विद्वान लोक अक्षरागणिक ताडून पाहतात. पंडिता रमाबाईंनीं इंग्रजीवरून मराठी करण्यांत समाधान न मानतां हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचें भाषांतर मुळावरून केलें, व तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. परदेशांत थाळ्या काढतांना तेथें मूळ फीत न पाठवितां तिची नक्कल पाठविण्याचा प्रघात होता, आणि त्या नकलेवरून निघालेली थाळी म्हणजे भाषांतराचें भाषांतर.

ह्यावरून पुनर्मुद्रण म्हटलें कीं तें हलकेंच असावयाचें, असा समज करून घेऊं नये. ब्लू नोटनेंच २०१९ पासून ‘टोन पोएट’ नांवाची माला काढिली. तिची देखरेख ज्यो हार्ली करितात, व केव्हिन ग्रे मूळ फितीवरून नव्यानें तबकडी कोरतात. अशी थाळी, सुयांनीं ओरखडलेल्या जुन्या पहिल्या छापेपेक्षां, घरीं ऐकण्यास कितीतरी बरी. उलट कित्येक प्रकाशक वेष्टणावर ‘१८० ग्रॅम’ असें मोठ्या अक्षरांत छापून मोकळे होतात. जाड थाळी सहसा वांकत नाहीं, हें खरें. परंतु वजनानें गाणें सुधारत नाहीं. जाड कागदावर छापलेलें अशुद्ध पुस्तक अशुद्धच राहतें.

मग सर्व भरंवसा अखेर प्रकाशकाच्या शब्दावर येऊन ठेपतो. कारण कोणती फीत वापरली हें पट्टीवर लिहिलेलें नसतें. मोबाइल फिडेलिटी ही १९७७ सालीं निघालेली अमेरिकन कंपनी ह्या बाबतींत अत्यंत प्रतिष्ठित गणली जात असे. तिच्या वेष्टणावरील शब्दांवरून, मूळ फीत व कोरणी ह्यांच्यामध्यें संगणकाचे आंकडे कोठेंही येत नाहींत, असाच गिऱ्हाइकांचा समज होता. तिनें एक माला अशीही काढिली होती कीं, तींत बाप व आई हे दोन्ही टप्पे गाळून रोगणावरून थेट ठसा काढीत. तिची एकेक प्रत सव्वाशे डॉलरपर्यंत जाई. २०२२ च्या जुलै महिन्यांत फिनिक्स शहरांतील एका दुकानदारानें ह्याविषयीं संशय जाहीर केला, आणि थोड्याच दिवसांत कंपनीच्या तंत्रज्ञांनीं कबूल केलें कीं, २०११ पासूनच मध्यें आंकड्यांत उतरविण्याचा टप्पा योजिला जात होता. प्रकरण न्यायालयांत गेलें व तडजोडीअन्वयें थाळी परत देऊन पैसे परत घेण्याची मुभा गिऱ्हाइकांस मिळाली.

ह्यांतील चमत्कारिक भाग असा कीं, ज्या थाळ्यांत ‘आंकड्यांचा स्पर्श नाहीं म्हणून केवढा जिवंतपणा’ अशी वाखाणणी जाणत्या टीकाकारांनीं केली होती, त्यांतील कित्येकींत तो स्पर्श होता, आणि कोणाच्याही कानास तो कळला नव्हता. ह्यावर कांहीं जण म्हणतात, कळलेंच नाहीं तर नुकसान कसलें? आमचें मत तसें नाहीं. थाळ्या ऐकण्यास उत्तम होत्या, हें निर्विवाद. परंतु गिऱ्हाइकानें जें म्हणून विकत घेतलें तें त्यास मिळालें नाहीं, आणि दुधांत मिसळलेलें पाणी स्वच्छ होतें ही गवळ्याची सबब कोणी ऐकून घेत नाहीं. मात्र आपला कान कधीं फसत नाहीं, अशी बढाई मारणाऱ्या संग्राहकांचाही ह्या प्रकरणांत थोडा गर्वपरिहार झाला, हें सांगितलें पाहिजे.

मूळ फितीचा एवढा अट्टाहास कशासाठीं, असें कोणी विचारील तर १ जून २००८ ची आग आठवावी. हॉलिवूड येथें युनिव्हर्सल कंपनीच्या आवारांतील कोठारास त्या दिवशीं आग लागून तींत मूळ फिती जळाल्या. नक्की किती, ह्यावर वाद झाला. परंतु मोठ्या हानीचें वृत्त लोकांपुढें येण्यास २०१९ साल उजाडलें. फीत जळाली म्हणजे तीवरून पूर्वीं निघालेली चांगली थाळी हीच पुढच्या पिढ्यांस मूळच्या ठिकाणीं होते.

आपल्या देशांतील जुन्या थाळ्यांची स्थिति तर आरंभापासूनच अशी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग ह्यांनीं कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें टिपिलें, तेव्हां चुंबकीय फीत नव्हतीच. मेणाच्या तबकडीवर एकदां जें कोरलें गेलें तेंच कायम. त्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें पाठवून तेथें थाळ्या छापल्या व इकडे आणिल्या. त्या थाळ्या लाखेच्या असत, आणि लाख ही आपल्याच रानांतील किड्यांची कृति. जेथें धातूचे ठसे नाहींसे झाले आहेत, तेथें आज जुन्या गवयांचें गाणें पुन्हां प्रसिद्ध करावयाचें तर कोणा संग्राहकाच्या कपाटांतील बरी प्रत शोधून काढणें हाच मार्ग उरतो. तशी एकच प्रत उरली असेल आणि ती फुटली, तर तो गवई आणखी एकदां मेला असेंच म्हणावें लागेल.

म्हणून ज्यांच्या घरीं अशा थाळ्या असतील त्यांस दोन शब्द. लाखेची थाळी स्पिरिटनें कधींही पुसूं नये. लाख त्यांत विरघळते व खांच कायमची जाते. मऊ कापड व थोडें शुद्ध पाणी पुरे. तेंही मधल्या कागदास लागूं देऊं नये. थाळ्या एकावर एक न रचतां पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या, आणि उन्हापासून दूर. मिनिटास ७८ फेऱ्यांच्या जुन्या थाळीची खांच रुंद असते, तिला सुमारें तिप्पट जाड टोंकाची सुई लागते. आणि जुन्या यंत्राची पोलादी सुई व्हायनिलच्या थाळीवर ठेविल्यास एका वाजवण्यांत तिचा नाश होतो. टाकून देण्यापूर्वीं थाळी दिव्यापुढें तिरपी धरून पट्टीवरचीं अक्षरें व आंकडे, आणि कागदावरचा क्रमांक, एका वहींत उतरून घ्यावे; ती कोणत्या सालची व कोणत्या ठशाची, हें जाणता संग्राहक त्यांवरून सांगूं शकतो.