हत्तीपायाचं ओझं मोजताना

हत्तीरोग शोधायला आरोग्य पथक रात्री वस्तीत जातं. या रोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि डास चावायच्या वेळेला कातडीजवळच्या रक्तात येतात. झोपेतून उठवलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची आणि २० घनमिलिमीटर रक्त काचपट्टीवर पसरायचं. अंगात पाच लिटर रक्त धरलं तर हा थेंब त्याचा अडीच लाखावा भाग होतो. त्यात एक जंतू सापडला, तर ढोबळ हिशोबाने त्या घटकेला अंगभर अडीच लाख जंतू फिरत असतात. ज्याचं रक्त घेतलं, त्याला बहुधा ताप नसतो, सूजही नसते.

या जंतूंची आई म्हणजे मादी कृमी लसिकावाहिनीत राहते. आठ-दहा सेंटिमीटर लांब, शिवणाच्या दोऱ्यासारखी. सहा ते आठ वर्षं जगते आणि तेवढ्या काळात लाखोंनी पिल्लं सोडते. इतकं असूनही हा रोग सहजासहजी लागत नाही. १९६०च्या दशकात रंगूनमध्ये शास्त्रज्ञांनी डास पकडून, चिरून, मोजून हिशोब मांडला. एका माणसाच्या रक्तात नव्याने जंतू दिसू लागायला सरासरी १५,५०० बाधित डासांचे चावे लागतात, असं त्यातून निघालं. इसवी सन २००० मध्ये जगात सुमारे १२ कोटी माणसांना या कृमीची लागण होती. एका शहराचा आकडा सगळ्या जगाला लावणं बरोबर नाही, हे मान्य. तरी लावून पाहिला तर १ लाख ८६ हजार कोटी चावे होतात, तेही फक्त बाधित डासांचे. भारतात हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास तुंबलेल्या गटारात आणि शौचालयाच्या उघड्या टाक्यांत वाढतो. त्यामुळे हा आकडा मला डासांपेक्षा गटारांचा वाटतो. गटार तुंबू देणारे आणि चावे सोसणारे सहसा एका वस्तीत राहत नाहीत.

२००० सालीच जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून औषधाच्या ९७० कोटींहून जास्त मात्रा लोकांच्या पोटात गेल्या. २०१८ पर्यंत लागण झालेल्यांची संख्या सुमारे ५ कोटी १० लाखांवर आली. भारतात तीन औषधं एकत्र द्यायला ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरुवात झाली, त्यांत बिहारमधलं अरवल होतं आणि आपलं नागपूरही. यातल्या आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवर ठरते, म्हणून गोळ्या वाटणाऱ्यांकडे खुणा केलेली पट्टी असते. ९० सेंटिमीटरच्या खाली असलेल्या मुलाला ती गोळी नाही, १५८च्या वर गेलेल्याला चार. गोळ्या थांबवायच्या की नाही, हे ठरवायला पुन्हा मोजणी करतात. जिथे क्युलेक्स रोग पसरवतो अशा मोठ्या भागात सहा-सात वर्षांची साधारण १,७०० मुलं तपासायची आणि वीसपर्यंतच बाधित निघाली तर थांबायचं. एवढ्या मुलांवरून वीस लाखांपर्यंतच्या वस्तीचा निर्णय होतो.

इथपर्यंतची मोजणी मला मनापासून थक्क करते. पण ती कृमींची आहे. कृमी मेला म्हणून बिघडलेली लसिकावाहिनी पूर्ववत होत नाही, सुजलेला पाय सुजलेलाच राहतो. जगात आजही किमान ३ कोटी ६० लाख माणसं हत्तीपाय किंवा अंडवृद्धी घेऊन जगतात. गोळ्यांनी हा आकडा फारसा हलत नाही.

मग पाय कसा मोजायचा? टेपने घेर घेता येतो, पाण्यात बुडवून सांडलेलं पाणीही मोजता येतं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात वर्षानुवर्षं रुग्ण पाहिलेल्या डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी सात पायऱ्या केल्या. पहिलीत सूज रात्रीत उतरते, दुसरीत उतरत नाही. पुढे कातडीला घड्या पडतात, गाठी येतात, मग घड्या खोल होतात. सातवी पायरी मात्र पायाकडे बघून ठरत नाही. ज्याला अंघोळ, स्वयंपाक, चालणं ही रोजची कामं एकट्याने जमत नाहीत, तो सातव्या पायरीवर. रोग मोजायची इतकी माणुसकीची पट्टी माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

जागतिक रोगभाराच्या हिशोबात त्याच पायाला ०.१०९ हे वजन आहे. म्हणजे हत्तीपाय घेऊन दहा वर्षं काढली, तर जेमतेम एक वर्ष एक महिना वाया गेला असं धरतात. सुजलेले पाय, जाड कातडी, चालायला त्रास, एवढंच त्या वजनात बसतं. मोडलेलं लग्न, पंगतीत शेजारी कुणी न बसणं, वासाच्या भीतीने घर न सोडणं, यांतलं काहीच त्यात नाही. २०१५ मध्ये टॉन, मॅकेन्झी आणि मॉलिन्यू यांनी या रुग्णांच्या नैराश्याचा वेगळा हिशोब मांडला. हत्तीरोगाच्या नावावर तोवर वर्षाला २७.८ लाख निरोगी वर्षांचं नुकसान लिहिलेलं होतं. एकट्या नैराश्याचं नुकसान निघालं ५०.९ लाख वर्षं. काळजी घेणाऱ्या घरच्यांची आणखी सव्वादोन लाखांहून जास्त वर्षं त्याबाहेर.

भारतात हत्तीपायाच्या रुग्णांची यादी सहा लाखांच्या आसपास आहे. ती घरोघर फिरून होते आणि लुगड्याआड झाकलेला पाय यादीत येणं बरंचसं दार वाजवणाऱ्या आशाताईवर अवलंबून असतं. निर्मूलनाचं शिक्कामोर्तब हवं असेल, तर रुग्ण किती आणि त्यांची काळजी कुठे घेतली जाते, हेही देशाला दाखवावं लागतं. या यादीत अजून एक रकाना असावा असं मला वाटतं: गेल्या वर्षात पाय किती वेळा पेटला. थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, मजुरी बुडते. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून जिवाणू आत शिरले की हे होतं. रोज साबण-पाण्याने पाय धुतला, बेचक्या कोरड्या केल्या, भेगेला मलम लावलं, झोपताना पाय उंच ठेवला, तर हे झटके कमी होतात. पायाचा घेर वर्षात दिसण्याइतका बदलेलच असं नाही, झटक्यांचा आकडा मात्र बदलतो. आणि तो सांगायला रुग्णाला टेप लागत नाही, सूक्ष्मदर्शकही लागत नाही.