रिम मोठी, हवा थोडी

दसरा-दिवाळीला हैदराबाद-पुण्याहून गावी येणाऱ्या गाड्यांमध्ये आता बिलोली-देगलूरच्या रस्त्यावरही एखादी बुटकी, रुंद चाकांची स्पोर्ट्स गाडी दिसून जाते. बऱ्याचदा ती मुळात साधी सेडान असते. चाकं तेवढी बदललेली असतात. गॅरेजवाले ज्याला मॅगव्हील म्हणतात ती चकचकीत अलॉय रिम आणि तिच्याभोवती जेमतेम चार बोटांची रबराची पट्टी. पोरांची नजर आधी रिमवर जाते. गाडी ज्या हवेवर चालते ती हवा मात्र त्या चार बोटांत कोंबलेली असते.

बैलगाडीचं चाक मोठं असलं की चाकोरी आणि दगड सहज ओलांडतं, हे खेड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हणून ‘मोठी चाकं टाकली’ म्हटलं की गाडी आता खड्ड्यांना दाद देणार नाही, असा समज होतो. गाडीत घडतं ते वेगळंच. चाकाची बाहेरची उंची तेवढीच ठेवावी लागते, कारण मडगार्डखालची जागा, गिअर आणि स्पीडोमीटर हे सगळं त्या उंचीवर बेतलेलं असतं. वाढते ती फक्त आतली रिम. रिम जेवढी वाढेल तेवढी टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, कमी होते.

हे आकड्यांत पाहता येतं. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीच्या टायरवर २०५/५५ आर १६ असं छापलेलं असतं. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, सुमारे ११३ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा व्यास इंचांत. रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचांत आणि मधला आकडा टक्क्यांत, अशी ही खिचडी जगभर चालते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर धरून रिम आणि वरखालच्या दोन भिंती यांची बेरीज केली की चाकाची पूर्ण उंची ६३२ मिलिमीटर येते.

आता १७ इंची रिम घ्यायची झाली तर जोडीचं माप २२५/४५ आर १७. त्याची उंची ६३४ मिलिमीटर. १८ इंचीला २२५/४० आर १८, उंची ६३७. दोन्हींचा मूळ मापाशी फरक एक टक्क्याच्या आत आहे. गफलत होते ती जुनेच आकडे ठेवून फक्त रिम वाढवली की. २०५/५५ आर १७ची उंची ६५७ मिलिमीटर होते, म्हणजे चार टक्के जास्त. मूळ टायरवर जिथे खरा वेग १०० असतो, तिथे काटा १०० दाखवत असताना गाडी १०४ने पळते. कुणी २१५/६० आर १७ चढवलं तर फरक नऊ टक्क्यांवर जातो आणि वळणावर किंवा मागे माणसं बसल्यावर टायर मडगार्डला घासण्याची पाळी येते.

मग स्पोर्ट्स गाड्यांना मोठ्या रिमा कशासाठी? कारण खरं आहे. वेगातली गाडी थांबवायला ब्रेकची मोठी डिस्क लागते आणि ती मावायला रिम मोठी लागते. शिवाय टायरची भिंत आखूड असली की वळणावर ती कमी मुरडते आणि स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते. १९६४च्या पोर्शे ९११ला १६५ मिलिमीटर रुंदीचे, १५ इंची टायर होते. आजच्या ९११ करेरा एसच्या पुढच्या चाकांना २४५/३५ झेडआर २० आणि मागच्यांना ३०५/३० झेडआर २१ असतात. मात्र शर्यतीच्या सगळ्यांत वेगवान गाड्यांची, फॉर्म्युला वनची, रिम अनेक दशकं, थेट २०२१पर्यंत, अवघी १३ इंची होती. टायरची जाड, मऊ भिंत तिथे स्प्रिंगचं अर्धं काम करत असे. २०२२मध्ये १८ इंची रिम आली, तेव्हा संघांना सस्पेन्शनचा नव्याने विचार करावा लागला. वेग आणि मोठी रिम यांचं नातं दुकानातली काच सांगते तितकं सरळ नाही.

शर्यतीचा ट्रॅक गुळगुळीत असतो. बिलोलीचा रस्ता काळ्या मातीवर आहे. ही चिकण माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून हातभर भेगा पाडते; वरचं डांबर त्या हालचालीबरोबर उचललं जातं, खचतं. त्यात मांजरेच्या पात्रातली वाळू वाहणारे अवजड ट्रक. खड्डे होतात आणि पावसाळ्यात ते पाण्याखाली दिसतही नाहीत.

अशा खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की टायर दबतो. भिंत ११३ मिलिमीटरची असेल तर आतली हवा दबत-दबत धक्का गिळते. भिंत ९० मिलिमीटरची झाली की हवेला जागा २३ मिलिमीटरने कमी मिळते आणि त्याच खड्ड्यात रिम रस्त्याला जाऊन भिडते. मध्ये सापडलेल्या टायरच्या भिंतीतले धागे तुटतात. वरून काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी त्या जागी फुगा येतो. ‘थोडासाच आहे, चालवू’ हे इथे अजिबात चालत नाही. १०० किलोमीटरच्या वेगाला हे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात ती कमजोर जागा गाडीच्या भाराखाली दबते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. समृद्धी महामार्गासारख्या १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तो फुटला, तर गाडी सावरायला चालकाच्या हाती फार थोडा वेळ उरतो.

यात मराठवाड्याचं ऊन भर घालतं. हवा दहा अंशांनी तापली की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणून ‘उन्हाळा आहे, हवा कमी भरा’ असा सल्ला पंक्चरच्या दुकानात हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. हवा कमी असलेल्या टायरची भिंत जास्त मुरडते, त्यातून आतली उष्णता आणखी वाढते आणि आखूड भिंतीच्या टायरला तर रिम भिडण्याचा धोका दुप्पट होतो. दाब सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये मोजायचा आणि दाराजवळच्या स्टिकरवर असेल तेवढाच ठेवायचा.

धक्का टायरने गिळला नाही तर तो पुढे जातो. काही सस्पेन्शनमध्ये जिरतो, उरलेला सीटमधून पाठीच्या कण्यात. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतं. साध्या गाडीचं सस्पेन्शन सेकंदाला एक-दीड हेलकावा घेतं, म्हणून ते सुखाचं वाटतं. कडक स्प्रिंगा बसवून गाडी बुटकी केली की ही संख्या त्या नाजूक पट्ट्याकडे सरकू लागते. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर किंवा ट्रक चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे हे हादरे एक मोठं कारण मानलं जातं. सणाला चार दिवस आलेल्या तरुणाला त्याचं काही वाटणार नाही. मागच्या सीटवर बसलेल्या, मणक्याची चकती सरकलेल्या आजीला मात्र नरसी ते बिलोली एवढ्यात कळतं.

तरीही हौस असेल तर एक इंच वाढवणं बहुतेक गाड्यांना झेपतं, तेही कंपनीच्या पुस्तिकेत ते माप दिलेलं असेल तर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा पुस्तिकेचं ते एक पान आधी वाचणं सोपं. मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर दुकानदार सहसा सांगत नाही. ९१ व्ही म्हणजे एका टायरने ६१५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटर वेग पेलायचा. नवा टायर यापेक्षा कमी आकड्याचा घेऊ नये. आखूड टायरला तेवढाच भार पेलायला बऱ्याचदा ‘एक्सएल’ बांधणी आणि थोडा जास्त दाब लागतो.

रिमच्या बाबतीत बोल्टची संख्या जुळली म्हणून काम झालं असं नाही. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा आकार आणि ऑफसेट, म्हणजे रिम मडगार्डच्या किती आत-बाहेर बसते तो हिशेब, हे तिन्ही मूळ चाकाप्रमाणे लागतात. ऑफसेट चुकला की बेअरिंगवर भार वाढतो. स्वस्त रिम बहुतेकदा जडही असते आणि चाकाचा हा जादा किलो स्प्रिंगच्या खाली असल्याने प्रत्येक खड्ड्यात जाणवतो. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का शोधावा: १४२४ असेल तर तो २०२४च्या चौदाव्या आठवड्यात बनला. गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पुढच्या-मागच्या चाकांची मापं वेगळी असलेल्या गाडीत टायर अदलाबदल करता येत नाहीत आणि एक स्टेपनी चारही जागी चालत नाही. तालुक्याच्या दुकानात असं माप मिळणंही कठीण. नव्या रिमा बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापाला घट्ट करून घ्यायचे असतात. पायाने पाना दाबून नव्हे.