निजामी शाळांच्या दाखलखारीज वह्या व त्यांतील फसली सन

मोडी रुमालांच्या शोधार्थ खेडोपाडी हिंडणारे आमचे संशोधक बंधू गावच्या प्राथमिक शाळेकडे सहसा वळत नाहीत. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरचेच उदाहरण घ्या. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्याच्या परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजी. अशा मुलखात सरकारी शाळा निघाली म्हणजे धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेणाऱ्या पंतोजीने कधी न केलेले एक काम सुरू होई. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतिथी आणि शाळेत आल्यागेल्याची तारीख वहीत चढे. हीच दाखलखारीज वही. दाखल म्हणजे आत आलेला, खारीज म्हणजे बाहेर गेलेला. दोन्ही शब्द मूळ अरबी. कुळकर्ण्याच्या दप्तरात ज्याचे नाव जमीन नावे होईपर्यंत यावयाचे नाही, तो रयतेचा पोर येथे सहाव्या-सातव्या वर्षीच भेटतो.

नोंदी उर्दूत असल्यास बिचकू नये. वाचणारा जाणकार मिळतो. खरा घोटाळा सनाचा आहे. पेशवाई कागदांस सरावलेला वाचक फसली सन मृगापासून, म्हणजे जूनपासून, धरतो. विसाव्या शतकातील हैदराबादी सरकारी फसली मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे इराणी. सबब ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेस ५९० व जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावे. ‘अमरदाद १३४०’ हा सुमारे जून १९३१ होय. मृगसालाच्या सवयीने तो १९३० ठरेल आणि मुलाचे वय एका वर्षाने चुकेल.

ही चूक केवळ पंडिती नव्हे. कुणबी नोंदींच्या तपासासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून निजामकालीन कागदांचा शोध मराठवाड्यात घरोघरी चालला आहे. संग्राहकांस आमची आग्रहाची विनंती अशी की, अशी वही रद्दीतून हाती आली तरी तिचे पान सुटे करू नये, व शाळेत असेल तर ती तेथून हलवू नये. सुटे पान कोणत्या शाळेचे, हे पुढे कोणी सांगू शकत नाही. पूर्ण वहीची छायाचित्रे घ्यावी. नक्कल करताना मूळ फसली तारीख जशीच्या तशी उतरून इसवी तारीख शेजारी निराळी लिहावी.