विसार देण्यापूर्वी

लग्नसराईत सातारा-सांगलीच्या व्यापारी घरांतून छायाचित्रकारास विसार दिला जातो, तेव्हा ड्रोनचे चित्रीकरण आता गृहीतच धरलेले असते. वरात आकाशातून कशी दिसेल याची चर्चा होते. ते आकाश मोकळे आहे काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

विमानतळाजवळ हा प्रश्न जीविताचा ठरतो. उतरणारे विमान साधारणतः तीन अंशांच्या कोनात खाली येते. धावपट्टी आठ किलोमीटर दूर असता ते सुमारे ४२० मीटर उंचीवर असते; दोन किलोमीटरवर जेमतेम १०५ मीटर. एवढी उंची लहानसा ड्रोनही सहज गाठतो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या वार्तेनेच सुमारे एक हजार उड्डाणे विस्कळीत झाली आणि एक लाख चाळीस हजार प्रवाशांचा खोळंबा झाला.

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात आकाशाचे तीन रंग आहेत. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरचा पट्टा पिवळा. तेथे कोणत्याही उंचीसाठी हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत ती लागत नाही. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सांगलीजवळील कवलापूरची जुनी धावपट्टी वापरात नाही. पण सातारा जिल्ह्यात कराडला विमानतळ आहे आणि सांगलीकरांची वरात कोल्हापुरास गेली की उजळाईवाडीचा विमानतळ जवळ येतो. म्हणून अंदाजावर न राहता कार्यस्थळ नकाशावर पाहावे. एखादे क्षेत्र तात्पुरते लाल घोषित होऊ शकते. यास्तव उड्डाणाच्या दिवशी नकाशा पुन्हा पाहणे अगत्याचे.

विसार देताना यजमानांनी तीन गोष्टी विचाराव्यात: ड्रोनची नोंदणी होऊन ओळख क्रमांक मिळाला आहे काय? ड्रोन २५० ग्रॅमहून जड असल्यास चालकाकडे प्रमाणपत्र आहे काय? कार्यस्थळ कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते? उत्तर समाधानकारक नसेल, तर चित्रीकरण जमिनीवरूनच करावे. त्याने मंगलकार्यात काही उणे राहत नाही. विमानातील प्रवाशांचे प्राण मात्र सुरक्षित राहतात.